सिंगापूरला विचारून लागणारा दिवा

भरतेश बिरनाळे सर द्राक्षाच्या पेटीच्या तळाशी निघालेलं महिन्यापूर्वीचं वर्तमानपत्र वाचत बसले होते, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर ते पत्र आलं. पेपर ताजा असो नाहीतर शिळा, समोर आलेला कागद वाचून काढायचा, ही सरांची सवय. पलूसच्या हायस्कुलात चौतीस वर्षं भूगोल शिकवून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणसाला कुणी पत्र पाठवत नाही. त्यामुळे त्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि मोठ्या आदराने वाचायला सुरुवात केली.

"आपले घरमित्र हे उपकरण आपल्या जीवनकालाच्या अंती पोहोचले आहे. दिनांक १५ एप्रिल रोजी सकाळी ११ वाजता त्याची सेवा समाप्त होईल. आपल्यासोबतच्या सुंदर प्रवासाबद्दल आभार."

सरांनी पत्र तीनदा वाचलं. मग उठून फडताळापाशी गेले. तिथे पांढरा गोल डबा नेहमीसारखा बसला होता, निळा दिवा लुकलुकत होता. पाच वर्षांपूर्वी घर बांधताना बेंगळुरूच्या अरिहंतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, हौसेने हा घरमित्र बसवून दिला होता. दिवे, पंखे, पाण्याची मोटर, पुढच्या दाराचं कुलूप, सगळं त्याच्या ताब्यात. भिंतीवर साधी बटणं नव्हतीच. काचेच्या गुळगुळीत पट्ट्या होत्या आणि त्याही बोट लावलं की आधी डब्यालाच विचारायच्या.

"मैतरा," सर म्हणाले, "बरा आहेस ना?"

"मी छान आहे," डबा म्हणाला. "पलूसचं आजचं तापमान छत्तीस अंश आहे."

याला मैतर हे नाव आक्काताईंनी ठेवलं होतं. आक्काताई ही सरांची थोरली बहीण. नांद्र्याला दिलेली, नवरा वारल्यावर भावाकडे येऊन राहिलेली. वय एकाहत्तर, आवाज खणखणीत आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की तिला एकदम देवळात जायची आठवण यायची. डबा आला तेव्हा "भिंतीशी बोलाय मला काय येड लागलंय?" म्हणून तिने महिनाभर त्याच्याकडे पाठ फिरवली. मग एकदा संध्याकाळी घरात कुणी नसताना चाचपडत असता तिने रागाने "दिवा लाव की रं मुडद्या!" म्हटलं, आणि दिवा लागला. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. ती जैन रिवाजाने सूर्य मावळायच्या आत जेवणारी. घड्याळ दिसत नव्हतं, पण "मैतरा, दिवस कवा बुडतोय?" म्हटलं की तो मिनिटासह सांगायचा. दिवे, पंखा, औषधाची वेळ, कशासाठीही तिला भावजयीला हाक मारावी लागत नव्हती. घरात एका माणसाने तरी आपलं ऐकावं एवढीच तिची आयुष्यभराची मागणी होती, आणि ती पुरी झाली होती.

चालतंय ते मरतंय कसं, हा प्रश्न सरांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा असं करत ते एका गोड आवाजाच्या मुलीपर्यंत पोहोचले.

"बाई, हा डबा चांगला चालतोय."

"हो सर."

"मग हा मरतोय कशानं?"

"सर, उपकरणाला काही झालेलं नाही. जुनं मॉडेल आहे म्हणून त्याचा सपोर्ट संपतोय. आपण नवीन घरमित्र सवलतीत घेऊ शकता."

"नव्याचं नंतर बघू. सपोर्ट म्हणजे नेमका कुणाचा आधार?"

"सर्व्हरचा, सर."

"आणि हा सर्व्हर असतो कुठे?"

असा प्रश्न त्या मुलीला बहुधा कुणी विचारला नव्हता. तिने सरांना सात मिनिटं बासरी ऐकवली. मग परत येऊन म्हणाली, "सर, सिंगापूरला. आणखी काही मदत करू शकते का?"

सरांना आणखी मदत नको होती. त्यांनी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला, त्यावरची धूळ धोतराच्या जुन्या फडक्याने पुसली, आणि पत्नी सुंदरीबाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन पलूस ते सिंगापूर अंतर मोजलं. साडेतीन हजार किलोमीटरच्या वर भरलं. म्हणजे आक्का "दिवा लाव" म्हणाली की तिचे शब्द बंगालचा उपसागर ओलांडून सिंगापूरला जायचे. तिथे कोणीतरी होकार द्यायचं. तो होकार तेवढंच अंतर कापून परत पलूसला यायचा आणि आक्काच्या डोक्यापासून पाच फुटांवरचा दिवा लावायचा. आणि हे सारं, हातावरचा डास मारायला हात उचलावा तेवढ्या वेळात. चौतीस वर्षं मोसमी वारे शिकवले, पण असा वारा आपल्याच घरातून वाहतोय याचा पत्ता नव्हता! सर अगदी भारावून गेले.

"ऐकलंस का?" ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले. "आपला दिवा सिंगापूरला जाऊन येतो."

सुंदरीबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "जाऊ दे बिचारा. मला तुम्ही पाचगणीच्या पुढं नेलं नाही."

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे आकाराम सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि निदान केलं. "मास्तर, ह्ये आमच्या पलटणीसारखंच हाय. जवान धडधाकट असतो, पन ऑर्डर आली की बिस्तरा गोल! फरक एवढाच, ह्येला पेन्शन न्हाई." त्यांच्या पत्नी साळूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायचा सल्ला दिला. वायरमन नाथाजीला मात्र पाच वर्षांचं साठलेलं बोलायचं होतं. "सर, घर बांधताना मी काय म्हनलो हुतो? भिंतीवर बटणं ठिवा. तवा तुमचं पोरगं म्हनलं, जुनाट दिसतंय. आता बघा. बटण कवा रिटायर झाल्यालं ऐकलंय का?"

सुज्ञ माणसाने याच वेळी नाथाजीला बटणं बसवायला सांगितलं असतं. पण सरांना वेगळीच उत्सुकता लागली होती. अकरा वाजता नेमकं काय होईल? निळा दिवा हळूहळू मंद होईल की फटकन जाईल? डबा शेवटचं काही बोलेल का? ग्रहण असलं की सर पोरांना मैदानात नेऊन काळ्या काचेतून दाखवायचे, त्याच उत्साहाने त्यांनी पंधरा एप्रिलला सकाळी साडेदहाला सगळ्यांना चहाला बोलावलं. हॉलमध्ये फळा मांडला. त्यावर भारत, उपसागर आणि सिंगापूर रंगीत खडूंनी काढलं आणि दिव्याच्या प्रवासाचे बाण दाखवले. स्वतः इस्त्रीचा सदरा घालून हातात छडी घेऊन उभे राहिले.

आक्काताईंनी या कार्यक्रमावर बहिष्कार घातला. "मरतानं बघत बसायचं म्हंजे काय? ह्यो काय तमाशा हाय?" असं म्हणून त्या पावणेअकराला आपल्या खोलीत जाऊन सामायिकाला बसल्या. सामायिक म्हणजे ध्यान, दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं, एका आसनावर स्थिर. त्यात उठायचं नाही, बोलायचं नाही, जगाशी संबंध नाही.

अकरा वाजले. सगळे श्वास रोखून डब्याकडे बघत राहिले. डबा निळा तो निळाच. अकरा पाच झाले. अकरा दहा झाले. "सिंगापूरचं घड्याळ अडीच तास पुढं असतं," सर जरा ओशाळून म्हणाले. त्या हिशोबाने डबा आधीच मरायला हवा होता, हे त्यांच्या लक्षात आलं, पण ते बोलले नाहीत. सुभेदारांनी दुसरा चहा संपवला आणि म्हणाले, "मास्तर, फुसका बार!"

पाहुणे निघाले. निरोप द्यायला सर आणि सुंदरीबाई फाटकापर्यंत गेले. आता फाटकात उभं राहून जे बोलणं होतं तेच खरं बोलणं, आतलं सगळं प्रस्तावना, हे सांगायला नको. साळूबाईंनी पहाटे उठून घातलेल्या कुरडयांचा विषय निघाला. चीक कसा घोटला, गच्चीवर कशा पांढऱ्याशुभ्र वाळत पडल्यात, हे त्या सांगत होत्या. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, पुढचं दार लोटलं गेलं, आणि टिक् असा आवाज झाला.

सरांनी खिशातून मोबाइल काढून दार उघडायचं चिन्ह दाबलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि मग अक्षरं आली. "आपला घरमित्र सापडत नाही."

खिडकीतून त्यांनी आत पाहिलं. निळा दिवा गेला होता. ज्या क्षणासाठी एवढी मांडामांड केली, तो नेमका कुणीच पाहिला नव्हता.

"किल्ली?" सुंदरीबाई म्हणाल्या.

किल्ली होती. टीव्हीखालच्या खणात, कंपनीच्या मूळ वेष्टनात, एकदाही न वापरलेली.

याच वेळी डोक्यावर छपछप असा आवाज सुरू झाला. साडेदहाला पाणी चढवायला मोटर लावली होती. टाकी भरली की मोटर बंद करायचा निरोप सिंगापूरहून यायचा. टाकी भरली होती. निरोप येणार नव्हता. पाणी टाकीच्या काठावरून उतरलं, गच्चीवर जमलं, आणि पन्हाळीतून धबाधबा शेजारच्या गच्चीवर पडायला लागलं.

"माझ्या कुरडया!" साळूबाई ओरडल्या.

सगळे आक्काच्या खिडकीकडे धावले. आक्का आत भिंतीला टेकून पद्मासनात बसली होती. सरांनी गज वाजवले. "आक्का, दार उघड!" आक्काने डोळे उघडले, खिडकीच्या दिशेने पाहिलं, एक हात वर केला आणि पुन्हा डोळे मिटले.

"काय म्हनल्या?" सुभेदारांनी विचारलं.

"अजून तेरा मिनिटं," सुंदरीबाई म्हणाल्या.

सुभेदारांच्या अंगात पलटण संचारली. "मास्तर, ऑर्डर द्या. मी भिंतीवरनं गच्चीवर जातो." ऑर्डरची वाट न बघता ते कुंपणाच्या भिंतीवर चढले. भिंतीवरून सज्ज्यावरही गेले. तिथे त्यांच्या गुडघ्याने पुढे जायला आणि मागे यायला, दोन्हींना नकार दिला. वरून पन्हाळीचं पाणी नेमकं त्यांच्या टोपीवर पडत होतं. "मैं ठीक हूँ!" ते ओरडले. "आधी कुरडया वाचवा!" पण साळूबाई आपल्या गच्चीवरून ओरडून सांगत होत्या, की वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. कुरडयांचा परत चीक झालाय.

एवढ्या गदारोळात नाथाजी शांतपणे तंबाखू मळत होता. तंबाखू तोंडात टाकून, हात झटकून तो म्हणाला, "सर, मीटरची पेटी भाईरच हाय. मेन काढू का?"

"आधी का नाही बोललास?"

"इच्चारलं कुनी?"

मेन काढला, मोटर थांबली. सुभेदारांना शिडी लावून खाली घेतलं. आणि बरोबर अकरा तेहतीसला पुढचं दार आतून उघडलं. त्या कुलपाला आतल्या बाजूने साधा खटका होता आणि तो कुणालाही न विचारता उघडत होता. आक्काताई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. "बोंबलाय काय झालं हुतं रं तुमाला?"

एक निवृत्त शिक्षक भर गल्लीत स्वतःच्या घराबाहेर, शिडी धरताना इस्त्रीचा सदरा भिजवून, हातात छडी घेऊन उभा होता. त्याने छडी हळूच पाठीमागे लपवली.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. साळूबाईंना सुंदरीबाईंनी नव्या कुरडया घालून द्यायचं कबूल केलं, सुभेदारांच्या गुडघ्याला तेल चोळलं गेलं. पण संध्याकाळी नाथाजीने एक तात्पुरता दिवा जोडून दिला असताना, आक्काच्या खोलीतून आवाज आला. "मैतरा, दिवा लाव." थोड्या वेळाने पुन्हा, जरा हळू, "मैतरा?" आणि मग स्टूल पडल्याचा आवाज. सर धावले. आक्का गुडघा चोळत पलंगाच्या कडेला बसली होती. "काय न्हाई," ती म्हणाली. "हात लागला."

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी चारलाच जेवायला बसू लागली. का, असं विचारलं तर म्हणाली, "दिवस कवा बुडंल आमास्नी काय कळतंय? लवकर जेवलेलं बरं." हाक मारून वेळ विचारायची नाही, दिवा मागायचा नाही. अंधार पडला की आहे तिथे बसून राहायचं. बोलणंही कमी झालं. ज्या घरावर आक्काच्या आवाजाने कावळे बसत नव्हते, तिथे शांतता पसरली आणि सरांना ती सोसेना.

त्यांनी पुन्हा मदत क्रमांकावर फोन केला. या वेळी मुलगा होता. त्याने सहानुभूती दाखवली, तक्रार नोंदवली, आणि पाच मिनिटांत संदेश आला, "आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे." नवा घरमित्र घ्यायचा तर अरिहंत लगेच पाठवायला तयार होता. पण सरांनी विचारलं, "आणि त्याला पाच वर्षांनी वरून बोलावणं आलं की?" यावर अरिहंत म्हणाला, "बाबा, तसंच असतं आता." सरांना "तसंच असतं" हे उत्तर विद्यार्थ्यांकडूनही कधी चाललं नव्हतं. स्वतःच्या मुलाकडून तर नाहीच.

मग त्यांना स्वप्नाली आठवली. दहावीला असताना नकाशात कोयना नदी उलटी वाहवणारी ही मुलगी पुढे इंजिनिअर होऊन कोयनानगरलाच धरणावर नोकरीला लागली होती. दिवाळीला अजून फोन करायची. सरांनी डबा, काचेची एक पट्टी आणि मोटरची जोडणी असं सगळं खोक्यात भरलं आणि कराड-पाटण करत एसटीने निघाले. घाटाच्या वळणावर खोकं मांडीवरून घसरलं आणि आतून एक वायर बाहेर लोंबली. कंडक्टर जवळ आला. "काय हाय ह्यात?"

"मित्र आहे," सर म्हणाले. मग घाईने, "म्हणजे डबा आहे."

कंडक्टरने वायरीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि बस थांबवून सगळ्या प्रवाशांसमोर खोकं उघडायला लावलं. कोयनानगरला धरणाच्या वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी आणखी नियमाचा निघाला. वहीत आत येणाऱ्या प्रत्येक यंत्राची नोंद करायची होती. "चालू का बंद?" त्याने विचारलं.

"चालू आहे. पण सेवा समाप्त झालीय."

"आवं, चालू लिहू का बंद?"

"बिघाड काही नाही हो त्यात."

"मग चालू."

"पण चालत नाही."

पहारेकऱ्याने पेन खाली ठेवलं. शेवटी 'किरकोळ सामान' असं लिहून त्याने सरांना आत सोडलं. पाच वर्षं घर चालवणाऱ्या मित्राची ही नोंद सरांना जरा लागली.

स्वप्नालीच्या घरी भूकंपाच्या भीतीने कपाटं भिंतीला तारेने बांधलेली होती. तिने सरांना पोहे दिले, खोकं उघडलं आणि सगळी हकीकत ऐकून पोट धरून हसली. मग गंभीर झाली. "सर, आमच्याकडे धरणाचं कुठलंही मोठं दार दुरून चालवायची सोय असते. पण त्याच्याजवळ हातानं फिरवायचं चाकही असतंच. पाणी चढत असताना सिंगापूरला विचारत बसलो तर कसं चालेल?"

"मग हे लोक चाक का ठेवत नाहीत?"

"चाक ठेवलं तर तुम्ही त्यांना विचारणार नाही ना."

सरांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. चौतीस वर्षांत एखाद्या विद्यार्थ्याने एवढं नेमकं उत्तर दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. स्वप्नालीने पुढे सांगितलं, की डब्याचं डोकं कंपनीच्या हातात आहे, त्याचा उपयोग नाही. पण दिव्यांच्या आणि मोटरच्या जोडण्या चांगल्या आहेत. त्या वळवून घरातल्याच एका छोट्या यंत्राला जोडता येतात. त्यासाठीची आज्ञावली जगभरच्या हौशी माणसांनी लिहून फुकट ठेवलीय. "तुमच्यासारखी माणसं आहेत सर ती. चालतंय ते मरतंय कसं, असं विचारणारी."

सर तिथे दोन दिवस राहिले. दोनशे पानी वही भरून आणली. पुढचे तीन आठवडे बिरनाळ्यांच्या घरात जे घडलं त्याचं वर्णन सुंदरीबाई एका वाक्यात करत. "घंटा वाजवली की मोटर लागायची." एकदा सुभेदार घंटा वाजवून आत आले आणि पंखा इतका वेगाने फिरला, की त्यांनी सवयीने जमिनीवर लोळण घेतली. नाथाजी रोज येई आणि सरांनी वायर चुकीची लावली की आनंदाने मान हलवी. पण त्याच्याच हातून सरांनी प्रत्येक खोलीत एकेक साधं, काळं, टक् असा आवाज करणारं बटण बसवून घेतलं. दिव्याला दोन मार्ग. एक यंत्राचा, एक बोटाचा.

सूर्यास्ताचा प्रश्न सरांनी स्वतः सोडवला. पलूसचे अक्षांश-रेखांश घेऊन त्यांनी तीनशे पासष्ट दिवसांचं कोष्टक मांडलं, आणि रोज संध्याकाळी गच्चीवर घड्याळ घेऊन पडताळून पाहिलं. पश्चिमेच्या डोंगरामुळे दीड मिनिटाचा फरक पडतो, हे कळल्यावर ते खाली धावत आले आणि तो आनंद सांगायला कुणी सापडेना म्हणून त्यांनी तो आक्कालाच सांगितला.

"दीड मिनिट?" आक्का म्हणाली. "म्हंजे तुझा मैतर पाच वर्सं खोटं सांगत हुता व्हय? दीड मिनिट रात्री जेवलोय की रं मी!"

तिने त्याबद्दल प्रायश्चित्त म्हणून एक उपवास केला, पण त्या दिवसापासून ती पुन्हा सहाला जेवू लागली. सिंगापूरच्या वेळेपेक्षा भावाच्या वेळेवर तिचा विश्वास बसला होता.

राहिला आवाज. स्वप्नालीने पाठवलेली एक छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी होती. तिला एका माणसाने आपल्या आवाजात ठरावीक शब्द शिकवायचे, मग ती इंटरनेटशिवाय ते ओळखते. सरांनी आक्काला तिच्यापुढे बसवलं. आक्काने चाळीस वेळा "मैतरा, दिवा लाव" आणि चाळीस वेळा "मैतरा, दिवा मालव" म्हटलं. एकेचाळिसाव्या वेळी दिवा लागला. उत्तर द्यायला सरांनी स्वतःचाच आवाज भरला होता. "लावला, आक्का," यंत्र म्हणालं.

आक्काने मान यंत्राकडे वळवली. "मालव," ती म्हणाली. "मालवला, आक्का." "लाव." "लावला, आक्का." असं तिने बावीस वेळा केलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "साठ वर्सांत भरत्या पैल्यांदाच ऐकतोय."

फक्त एक झालं. पाटी एकाच आवाजाला ओळखायची. सरांनी सांगून पाहिलं, सुंदरीबाईंनी सांगून पाहिलं, सुभेदारांनी परेडच्या आवाजात हुकूम सोडला. यंत्र ढिम्म. घरात बोलून दिवा लावायचा अधिकार एकट्या आक्काला. बाकीच्यांनी भिंतीवरचं बटण दाबावं.

जूनमध्ये एकदा जेवताना आक्का आपणहून म्हणाली, "मिरजंला जाऊया का डोळं दावाय? दिवा लागतोय न्हवं, मग बघाय तरी पायजे." तिला पुन्हा देवळात जायची आठवण व्हायच्या आत सरांनी गाडी ठरवली. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन सुरळीत झालं. सुंदरीबाई तिच्याजवळ राहिल्या. सर घरचं बघायला पलूसला परतले.

संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील, पण पावसाळी ढगांनी घरात अंधारून आलं होतं. सर हॉलमध्ये येऊन बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात सुंदरीबाईंचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या. "अहो, पट्टी बांधल्यापासून आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. जेवायला उठवलं तर भिंतीकडे तोंड करून पडल्यात. घाबरल्यात बहुतेक. काय करू?"

सरांनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. "फोन तिच्या कानाला लाव," ते म्हणाले. मग जोरात, "आक्का! आगं, इथं दिवा लागेना!"

पलीकडे फोन कानाला लागल्याची खरखर झाली. मग बारीक आवाज आला. "का?"

"तुझ्याबिगर ऐकतच न्हाई तो. मी अंधारात बसलोय. तू जरा सांग की त्याला."

"हितनं?"

"मी फोन धरतो त्याच्यापुढं. म्हण."

सरांनी फोन यंत्रासमोर धरला.  मग मिरजेच्या त्या खोलीतल्या सगळ्या पेशंटांना दचकवणारा खणखणीत आवाज आला. "मैतरा! दिवा लाव!"

यंत्र ढिम्म. फोनमधून गाळून आलेला आवाज त्याला ओळखू येईना.

"मैतरा! ऐकू येतंय का? दिवा लाव म्हनतोय मी!"

सरांनी डावा हात हळूच लांब केला आणि भिंतीवरचं काळं बटण दाबलं. टक्. हॉल उजळला.

"लागला?" आक्काने विचारलं.

"लागला की, आक्का. लख्ख."

"बघ." आणि मग फोनपासून जरा लांब, शेजारच्या खाटेवरच्या कुणाला तरी, "पलूसात दिवा लावला मी. हितनं. व्हय, पडल्या पडल्या." मग परत भावाला, "मालवायच्या वक्ताला फोन कर. नऊला. इसरू नगंस."

"न्हाई इसरत."

"आनि सुंदरी, ते जेवान काय हुतं? आन हिकडं."

सरांनी त्या दिवशी घड्याळ समोर ठेवून एकट्याने भाकरी खाल्ली. बरोबर नऊ वाजता त्यांनी फोन लावला, तो यंत्रापुढे धरला, आणि दुसऱ्या हाताचं बोट बटणावर टेकवून आक्काच्या हुकमाची वाट बघत उभे राहिले.